‘आम्ही’ म्हणू नका

प्रश्न इंग्रजीत होता, पण आमच्या मनात तो मराठीत उतरला आणि तसाच राहिला : ‘तुम्ही सारखे आम्ही, आम्ही म्हणता आहात. त्यात तुम्ही स्वतः काय केलेत?’

बाणेरमधील एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर ही मुलाखत चालू होती. समोर तिघे जण. पद होते सीनियर प्रोजेक्ट मॅनेजरचे, आणि कंपनी भाषांतराचे, किंवा त्या व्यवसायात म्हणतात तसे, लोकलायझेशनचे काम करणारी. प्रश्न विचारणारी तरुणी आमच्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची असावी. तिच्या स्वरात उर्मटपणा नव्हता. आमचे एखादे वाक्य कच्चे राहिले आहे आणि ते पुरे करायला ती मदत करते आहे, असाच तिचा भाव होता. आम्ही मात्र गडबडलो. वीस वर्षे वर्गात विद्यार्थ्यांना ‘कर्ता ओळखा’ म्हणत आलो आणि आज कोणी तेच आम्हांला म्हणत होते.

वाचकांना एक खुलासा करायला हवा. या लेखातले ‘आम्ही’ हे संपादकीय नाही आणि आदरार्थीही नाही. आम्ही खरोखरच दोघे आहोत : पती-पत्नी, एकाच विद्यापीठातून मराठी घेऊन एम. ए. झालेले, सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका गावात शिकवणारे. एक विनाअनुदानित वर्गांवर, एक तासिका तत्त्वावर. मुलाखती दोघांनीही दिल्या. कोणती कोणी दिली हे मुद्दामच सांगत नाही. घरी परतल्यावर प्रत्येक मुलाखत जेवणाच्या ताटावर इतक्यांदा पुन्हा झाली, की ती कोणा एकाची उरलीच नाही.

चाळिशी उलटल्यावर मराठीच्या अध्यापकांना ही बुद्धी का सुचली, असे कोणी विचारील. कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. २०१२ पासून राज्यातील प्राध्यापकभरती कधी बंद, कधी किलकिली. २०२१ साली २०८८ पदांना परवानगी मिळाली तेव्हा आम्ही प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स नव्याने काढल्या होत्या. त्या अजून त्याच पिशवीत आहेत. त्यात आमच्याकडे विशेष स्तरावर मराठी घेणारी मुले कमी होत गेली, आणि एका जूनमध्ये प्राचार्यांनी फार जपून, चहा मागवून, पुढच्या वर्षी कार्यभार किती राहील ते सांगता येत नाही असे सांगितले. मुलगी बारावीला. एवढे पुरे आहे. तासिका तत्त्वाचे रडगाणे आमच्या पिढीने इतके गायले आहे, की आता त्याचा स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला हरकत नाही.

अर्ज करण्याइतका आधार आमच्याकडे होता. दहा-बारा वर्षे रात्रीच्या वेळी आम्ही भाषांतराची कामे करत आलो आहोत. आधी स्वतः, मग इतरांकडून करवून घेऊन. अठरा अनुवादकांच्या मजकुराची वाटणी, तपासणी, एकच संज्ञा सर्वांनी सारखी वापरावी यासाठी केलेल्या याद्या, वेळेवर न देणाऱ्याला फोन आणि वेळेवर पैसे न देणाऱ्यालाही फोन, हे सारे आम्ही केले होते. त्याला ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ म्हणतात हे मात्र उशिरा कळले. शिवाय महाविद्यालयात नॅकच्या सात निकषांपैकी दोनांचे कागद आमच्याच कपाटात. सात निकषांचा अहवाल ठरल्या तारखेस पुरा करून घेणाऱ्या माणसाला गँट चार्ट शिकवावा लागत नाही, असे आम्ही एकमेकांना धीर देण्यासाठी म्हणत असू.

तरीही आम्ही अभ्यास केला. मास्तर माणसे. विषय पत्करला की टिपणे काढणे आलेच. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याचे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचे. ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीत घडली. कामांची अशी साखळी शोधायची, की जिच्यातले एक काम एक दिवस लांबले तर सारा प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते, या साखळीला नसते. हे वाचताना आम्हांला गुऱ्हाळ आठवले. ऊस उशिरा आला तर चालते, जळण थोडे ओले असले तरी निभते, पण काहील उतरवण्याचा क्षण चुकला की रवा बिघडला. तो क्षण ओळखणाऱ्या माणसाला आमच्याकडे गुळव्या म्हणतात. सगळे गुऱ्हाळ त्याच्या तोंडाकडे बघत असते. पहिल्या मुलाखतीत हे उदाहरण आम्ही दिले. तिघांनी नम्रपणे मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

पुढचा प्रश्न नेहमी एकाच साच्याचा असतो : ‘असा एखादा प्रसंग सांगा, की जेव्हा तुम्ही...’ जेव्हा तुम्ही सहकाऱ्यांतला वाद मिटवलात, जेव्हा ग्राहकाला नाही म्हणालात, जेव्हा अपयश आले. ज्येष्ठ पदांच्या मुलाखतीत ज्ञान फारसे तपासत नाहीत, गोष्टी ऐकतात. उत्तरे कशी रचावीत याचीही एक पद्धत रूढ आहे, तिला ‘स्टार’ म्हणतात : आधी परिस्थिती, मग तुमच्यावर आलेले काम, मग तुमची कृती, शेवटी फळ. आम्हांला हे ओळखीचे वाटले. नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. मुलाखतीच्या साच्यात मधल्या दोन गळाल्या आहेत. आशा आणि खात्री यांना तेथे जागा नाही, यत्नावरून थेट फळावर यायचे. आणि नायक एकच असला पाहिजे.

पहिल्या ठिकाणाहून नकार आला तो या नायकावरूनच. फोन करणारी व्यक्ती भली होती. कारण सांगायचे बंधन नसताना तिने सांगितले : अनुभव चांगला आहे, पण तुमचा वाटा नेमका कोणता ते आम्हांला कळले नाही.

आम्ही त्यावर बराच काथ्याकूट केला. इंग्रजीला एकच ‘वुई’ आहे. मराठीला दोन आहेत. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, त्याला सामावून घेऊन ‘आपण’. द्राविड भाषांच्या शेजारामुळे हा भेद आपल्याकडे आला असे अनेक अभ्यासक मानतात. वर्गात हा मुद्दा आम्ही दरवर्षी शिकवतो आणि मुलांना तो आवडतो. पण त्या दिवशी लक्षात आले ते वेगळेच. ‘आम्ही’मध्ये कोणाला वगळले हे स्पष्ट असते, कोणाला धरले हे मात्र नसते. त्यात दोघे असतील, अठरा असतील, किंवा बोलणारा एकटाच सभ्यपणे मागे उभा असेल. विचारणाऱ्या तरुणीचे चुकले कोठे? एका पदावर एकच माणूस घ्यायचा असतो. अठरा जणांच्या कामाचे श्रेय सांगून पद मिळवणारे तिने पाहिले असतीलच, आम्हीही नॅकच्या अहवालांत पुष्कळ पाहिले आहेत.

याच दिवसांत कपाटातून श्री. व्यं. केतकरांचे १९२७ सालचे पुस्तक खाली काढले. ज्ञानकोशाची हकीकत त्यांनी स्वतः लिहिली आहे आणि तिचे नाव ‘माझे बारा वर्षांचे काम, उर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’ असे ठेवले आहे. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढून, भाग विकून मराठीत ज्ञानकोश उभा करणारा हा माणूस आजच्या भाषेत प्रकल्प व्यवस्थापकच होता. त्यांनी शीर्षकातच दोन्ही बाजू सांभाळल्या. आधी ‘माझे’, मग ‘उर्फ’, मग ‘मंडळाचा’. तो ‘उर्फ’ आम्हांला फार मोलाचा वाटतो. पण पाऊण तासाच्या मुलाखतीत ‘उर्फ’ म्हणायला वेळ मिळत नाही.

मुलीने मग आमची तालीम घेतली. ती समोर फोन धरून बसे आणि आम्ही ‘आम्ही’ म्हणालो की हात वर करी. ‘बाबा, परत. आई, तू पण. मी म्हण. मी, मी, मी.’ दोन आठवड्यांत आम्ही सुधारलो. दुसऱ्या कंपनीची मुलाखत ऑनलाइन होती. पडद्यावर दोन चौकटी, दोन्ही बंगळुरूच्या. प्रश्न आला : संकटात तुम्ही प्रकल्प वाचवल्याचा एखादा प्रसंग सांगा.

प्रसंग होता. कृष्णाकाठच्या शेतीतल्या शब्दांचा संग्रह करण्याचे काम आम्ही विद्यापीठाच्या अल्पशा अनुदानावर काही वर्षे करत होतो. मळी, घात, वाफसा, कुरी, चुलाण असे शब्द, प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी, तिच्यावर सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि त्याने वापरलेले वाक्य. सुमारे ४३०० चिठ्ठ्या पत्र्याच्या अकरा पेट्यांत, तळमजल्यावरच्या ग्रंथालयात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले. आमच्याकडे पुराचे माप म्हणजे २००५ साल. तेव्हाच्या पाण्याची खूण ग्रंथालयाच्या भिंतीवर तेलरंगाने काढलेली आहे, गुडघ्याच्या थोडी वर. आम्ही पेट्या टेबलांवर ठेवल्या. खुणेच्या वर चांगली वीतभर जागा राहत होती. मग मुलीला घेऊन विट्याला नातेवाइकांकडे गेलो. तेथे आभाळ कोरडे होते आणि लोक पावसाची वाट पाहत होते.

सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ ची खूण कोठल्या कोठे बुडाली. आठ दिवसांनी परतलो तेव्हा टेबले तरंगून दाराशी अडकली होती आणि छताखाली हातभर जागा सोडून चिखलाची रेघ उमटली होती. पेट्या नव्हत्या. पेट्या वरच्या मजल्यावर, भूगोलाच्या प्रयोगशाळेत, ओळीने मांडलेल्या होत्या. ग्रंथालयातल्या मामांनी त्या वर नेल्या होत्या. मामांचे स्वतःचे घर नदीच्या अंगाला. त्यांच्या घरातले वर्षाचे गहू गेले, गादी-पांघरुणे गेली, मुलीच्या लग्नाचा अल्बम गेला. त्यांनी हे आम्हांला सांगितले नाही. दुसऱ्या कोणाकडून कळले.

मुलाखतीत आम्ही म्हणालो : ‘मी पेट्या वरच्या मजल्यावर हलवल्या.’

येथे व्याकरणाचा एक बारकावा सांगायलाच हवा. ‘मामांनी पेट्या हलवल्या’, ‘आम्ही पेट्या हलवल्या’, ‘मी पेट्या हलवल्या’. तिन्ही वाक्यांत क्रियापद तेच. कर्मणी प्रयोगात ते पेट्यांकडे पाहून चालते, हलवणाऱ्याकडे त्याचे लक्ष नसते. मुलाखत इंग्रजीत होती हे खरे, पण आम्ही मनात मराठीत बोलत होतो आणि एक शब्द बदलायला किती कमी कष्ट पडतात याचे तेव्हा नवल वाटले. बाकी सारे खरे होते : पूर, पेट्या, चिठ्ठ्या, ५७ फूट. आम्ही जोखीम कशी ओळखली, २००५ च्या खुणेवर विसंबून का राहिलो नाही, हे सांगितले. दोन्ही चौकटींतले चेहरे पुढे झुकले. फळही सांगितले : एकही चिठ्ठी भिजली नाही. पुढच्या फेरीचे पत्र त्याच संध्याकाळी आले. पगाराचा आकडाही त्यात होता. तो आम्ही येथे लिहीत नाही. दोघांच्या मिळून वर्षाच्या कमाईपेक्षा तो मोठा होता, इतकेच.

त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. मुलगी खुशीत होती, तिला काय सांगणार? तिनेच तर शिकवले होते.

शेवटची फेरी एका वयस्क गृहस्थांबरोबर होती. ते आसामचे निघाले. त्यांनी आमचा कागद वाचला होता आणि त्यांना पुराविषयीच विचारायचे होते. ब्रह्मपुत्रेच्या काठी वाढलेल्या माणसाला आपण पुराची गोष्ट ऐकवत आहोत याचे भान आम्हांला पहिल्या मिनिटाला आले. त्यांचे प्रश्न फार साधे होते. एका पेटीचे वजन किती होते? जिना आतून होता की बाहेरून? वीज होती का? पहिल्या खेपेला पाणी कोठवर आले होते आणि शेवटच्या खेपेला कोठवर? पूर पाहिलेला माणूस हेच विचारतो. वजन आम्हांला माहीत होते. जिनाही माहीत होता. पाणी कोठवर होते हे माहीत नव्हते, कारण त्या वेळी आम्ही विट्याला होतो.

थोडे थांबून आम्ही सांगितले. पेट्या आम्ही नेल्या नाहीत. आम्ही त्या टेबलावर ठेवल्या होत्या, खुणेवर वीतभर जागा सोडून, आणि आमच्या हिशेबाने त्या बुडाल्याच असत्या. ग्रंथालयातल्या परिचरांनी त्या वाचवल्या. आम्ही तेथे नव्हतो.

ते चिडले नाहीत. त्यांनी विचारले, ‘मग ते आत कसे शिरले? ग्रंथालय बंद नव्हते?’

हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता. ग्रंथालय बंद होते. किल्ली मामांजवळ होती. ती नियमाने कार्यालयात राहायला हवी. पण संग्रहाचे काम सकाळी सातला सुरू होई आणि कार्यालय साडेदहाला उघडे, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हीच प्राचार्यांच्या मागे लागून एक जादा किल्ली करवून मामांकडे दिली होती. पेट्यांत काय आहे हेही त्यांना ठाऊक होते, कारण कित्येक शब्द त्यांनीच सांगितले होते. कितीतरी चिठ्ठ्यांवर सांगणाऱ्याच्या जागी त्यांचे नाव आहे. आम्ही हे सारे सांगितले. ते गृहस्थ काही तरी लिहीत होते. ‘हे आधी का नाही सांगितलेत?’ असे त्यांनी विचारले. त्यावर आमच्याकडे असलेले खरे उत्तर, ‘त्यात आम्ही काहीच केले नव्हते म्हणून’, हे आम्ही दिले. ते हसले. त्या हसण्याचा अर्थ आमच्यातल्या एकाने एक लावला, दुसऱ्याने दुसरा, आणि अजून एकमत झालेले नाही.

तीन आठवड्यांनी ईमेल आला. पद तूर्त स्थगित ठेवले आहे, आपली माहिती आमच्या संग्रही राहील. असे पत्र खरोखर पद स्थगित झाल्यावरही येते आणि न झाल्यावरही येते. संग्रही राहण्याचा अर्थ आमच्याइतका कोणाला कळणार?

त्यानंतर आणखी दोन मुलाखती झाल्या. एकीत पगार इतका कमी सांगितला, की तासिका तत्त्वच बरे वाटले. दुसरीचा निकाल हे लिहीत असताना यायचा आहे. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची आम्ही आता कामचलाऊ वाटणी केली आहे. ठरवले असेल तर मी, घडले असेल तर आम्ही. ती दर वेळी टिकतेच असे नाही.

मामा निवृत्त झाले आहेत. दिवाळीनंतर एका संध्याकाळी घरी आले होते, नातवाच्या प्रवेशाचे विचारायला. चहा झाल्यावर आम्ही त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांच्या जागी आम्ही स्वतःला उभे केले तेही सांगितले. त्यांना त्यात गैर काही वाटलेले दिसले नाही. त्यांचे लक्ष भलतीकडेच अडकले होते.

‘मी एकटा कुटं वो, सर?’ ते म्हणाले. ‘आम्ही तिघं हुतो की. मी, वाचमन आन् त्येचा पोरगा. पोरगा नसता तर अकरा पेट्या हलत्यात व्हय? माझं गुडघं तवाच गेल्यालं. त्यानंच नेल्या निम्म्या.’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सहा वर्षे आम्ही ही गोष्ट मामांच्या नावाने सांगत आलो होतो. संग्रहाच्या छापील पुस्तिकेत ऋणनिर्देशात मामांचे नाव आहे. त्या मुलाचे नाव आम्ही विचारले.

मामांनी कपाळाला हात लावला. वाचमन काम सोडून गेला होता, कुटुंब कोठे तरी कराडकडे गेले. मुलाला सगळे बाळ्या म्हणत, पण ते काही खरे नाव नव्हे. ‘म्याडम, हजेरीपटावर असंल बघा, आकरावीला आपल्याकडंच हुता.’ २०१९ च्या आधीचे हजेरीपट तळमजल्यावरच्या कार्यालयात होते, हे त्यांनाही आठवले आणि आम्हांलाही. मामा उठले, दाराशी चपला घालता घालता पुन्हा थांबले.

‘आठवलं तर फोन करतो,’ म्हणाले.